इस्त्री न केलेलं पत्र

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनायचे आणि साहेबांच्या केबिनमध्ये आरडाओरडा. दोन्हींचा पुरवठा कधी कमी पडला नाही. साहेब रागावले की त्यांचं इंग्रजी सुटायचं. एरवी चारचौघांसारखं साधं बोलणारा माणूस, पण कोणी ओतीव काम खराब करून पाठवलं की फोन आपटायचे, घंटी वाजवायचे, बाई वही घेऊन आत जायच्या, आणि मग काचेच्या दारातून आम्हाला ऐकू यायचं, "टेल दॅट रास्कल! टेल हिम आय विल कम अँड सिट ऑन हिज हेड!"

तासाभराने ते पत्र माझ्या टेबलावर यायचं. मी आवक-जावक सांभाळायचो. येणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या पत्राला क्रमांक आणि तिकीट लावायचं, यात माझी उमर गेली. पाकीट बंद करण्याआधी मी प्रत्येक पत्र वाचून काढायचो. वाचायचं नसतं हे मलाही कळतं. पत्रात सुरेख इंग्रजीत लिहिलेलं असायचं की आपण पाठवलेल्या मालाबाबत काही अडचणी आमच्या निदर्शनास आल्या आहेत, आपण जातीने लक्ष घातल्यास आम्ही आपले आभारी राहू. डोक्यावर येऊन बसण्याचा मागमूसही नसे.

म्हणून बाईंचं नाव पडलं इस्त्रीबाई. नाव मीच ठेवलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि माझा अंदाज असा की त्यांना ते आवडायचंही. साहेबांची समजूत मात्र वेगळी होती. बाई ग्रामर बघतात, एवढंच त्यांना वाटे. पत्र आलं की न वाचता सही ठोकायचे आणि समोरच्याने नमतं घेतलं की आम्हाला सांगायचे, "बघा, असं झापलं ना, की भलेभले वठणीवर येतात."

बाई अंगाने किरकोळ, केसांचा घट्ट अंबाडा, टेबलावर पाच पेन्सिली, पाचही एकसारख्या टोकदार. थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायच्या. सोळाव्या वर्षी एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर टायपिंग आणि शॉर्टहँडचा क्लास केला, आणि इंग्रजी शिकल्या ते तिथल्या नमुना पत्रांच्या पुस्तकातून. त्यामुळे झालं असं, की पत्रातलं इंग्रजी त्यांना अस्खलित येई आणि दुसरं कुठलं येतच नसे. एकदा परदेशातून एक गिऱ्हाईक आलं होतं. बाईंना बघून मोकळेपणाने म्हणालं, "हाऊ आर यू डुइंग?" बाई उभ्या राहिल्या, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन." तो माणूस हसून हसून बेजार झाला. मी हा किस्सा इतक्यांदा सांगितला की शेवटी बाईंनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

अबोला सुटल्यावर मी विचारलं, "पण बाई, जरा साधं इंग्रजी शिकायला काय हरकत आहे?"

"कशाला? इंग्रजी परक्यांशी बोलायची भाषा. परक्यांसमोर जाताना माणूस कपडे बदलतो की नाही? घरच्या कपड्यांवर कोण जातं?"

मी शिक्का उचलला आणि कामाला लागलो.

आणखी एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं नीट कळेल. साहेब सगळ्यांवर ओरडायचे. ड्रायव्हरवर, फोरमनवर, माझ्यावर तर उठताबसता. "अरे ए जावक, झोपलास का?" हे माझं सकाळचं स्वागत. सगळ्यात जास्त ओरडायचे स्वतःच्या मुलावर. साहेबांच्या मंडळी लवकर गेल्या, मुलाला त्यांनी एकट्याने वाढवलं, आणि शाळा सुटली की पोरगं थेट कारखान्यात यायचं. मोठा झाला तसा तोही बापाच्या वळणावर गेला. दोघंजण केबिनमध्ये इंग्रजीतून असे भांडायचे की काच थरथरायची, आणि पाच मिनिटांनी बघावं तर एका डब्यात दोघांचे हात. फक्त बाईंवर साहेबांनी कधी आवाज चढवला नाही. "बाई, जरा येता का?" "बाई, एवढं बघाल का?" चौतीस वर्षं. आम्ही जळायचो. मी एकदा तसं बोलून दाखवलं तेव्हा बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "ओरडतात ते आपल्या माणसांवर." मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

बाईंच्या निवृत्तीला महिना राहिला होता. साहेबांचंही हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, पुढच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, त्यामुळे डॉक्टर काही ठाम बोलत नव्हते. साहेब केबिनमधले खण आवरायला बसले होते. दुपारी त्यांनी बाईंना बोलावून एक जुना, घड्या पडलेला कागद दिला.

"हा कुठल्या फाइलला लावायचा बघा. निकाली निघालेल्यात लावून टाका."

बाई बाहेर आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं ऑपरेशनबद्दलच काहीतरी वाईट आहे. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मुलाचं पत्र होतं ते, अकरा वर्षांपूर्वीचं, घरच्या पत्त्यावर आलेलं. त्यात दोनच वाक्यं. "युवर लेटर ऑफ द फोर्टीन्थ टू हँड. कन्टेन्ट्स नोटेड." म्हणजे, चौदा तारखेचं पत्र मिळालं, मजकुराची नोंद घेतली. खाली आडनावासकट पूर्ण सही.

मुलाचं काय झालं होतं ते आम्हाला वरवर ठाऊक होतं. साहेबांनी त्याला पंपांचं पुढचं शिक्षण घ्यायला परदेशी पाठवलं, त्याने ते अर्ध्यावर सोडलं आणि तिथेच एका बेकरीत पाव भाजायला लागला. साहेब चिडले, काहीतरी पत्रापत्री झाली, आणि मग अकरा वर्षं ना पत्र, ना फोन. दोघांचाही हेका मोठा. आम्ही त्या घरातलं भांडण म्हणून सोडून दिलं होतं.

"साहेब काय म्हणाले माहितीये?" बाई म्हणाल्या. "म्हणाले, मी त्याला पोटच्या पोरासारखा झापला, आणि त्यानं मला कारकुनासारखं उत्तर दिलं. तेव्हाच समजलो, हा आता आपला राहिला नाही." त्यांनी खुर्ची ओढली. माझ्या टेबलाशी त्या कधी बसत नसत. "अहो, साहेबांचं ते चौदा तारखेचं पत्र मीच टाइप केलं होतं."

मी माझी जावक नोंदवही काढली. सापडलं. तारीख चौदा, क्रमांक चारशे सतरा, तिकीट मीच लावलेलं. बाईंनी फाइलमधून कार्बन कॉपी आणली. आपले पत्र पावले. आपण घेतलेल्या निर्णयाची आम्ही खेदपूर्वक नोंद घेतली आहे. आपल्या पुढील वाटचालीस आमच्या शुभेच्छा. आणि शेवटी, परक्या माणसाला घालतात तसं, "युवर्स फेथफुली." नोकरी नाकारलेल्या उमेदवाराला आम्ही हेच पत्र पाठवायचो. शब्दांत फरक नव्हता.

मला तेव्हाच कसं खटकलं नाही? मी तर प्रत्येक पत्र वाचायचो. पण सुरेख इंग्रजी दिसलं की मी खूश व्हायचो, तसाच त्या दिवशीही झालो असणार.

"पण साहेबांनी सांगितलं काय होतं?"

बाई उठल्या. त्यांच्या टेबलामागे लोखंडी कपाट होतं आणि त्यात चौतीस वर्षांच्या शॉर्टहँडच्या वह्या, पाठीवर आकडे घातलेल्या. आम्ही त्या रद्दीवरून त्यांची किती टिंगल केली होती. त्यांनी एक वही काढली, पानं उलटली आणि थांबल्या. शॉर्टहँड आवाजावर चालतं. तोंडातून निघेल ते जसंच्या तसं कागदावर उतरतं. इस्त्री होते ती नंतर.

त्या वाचायला लागल्या. इंग्रजीच होतं ते, पण साहेबांचं इंग्रजी, म्हणजे आतून मराठीच. मी आपल्या भाषेत सांगतो.

"यू डाँकी! तुला पंप शिकायला पाठवला आणि तू पाव भाजतोस? घरी कधी दूध तापवलंस तर निम्मं उतू घालवलंस, आणि आता लोकांना खाऊ घालणार! फोटो बघितला. वाळलायस. बेकरीत राहून वाळणारा तू जगातला पहिलाच गाढव." बाई थांबल्या. "इथे वर्तुळ आहे."

"म्हणजे?"

"ती माझी खूण. साहेब थांबले आणि खिडकीबाहेर बघायला लागले की मी वर्तुळ काढते." त्यांनी पुढे वाचलं. "तुझ्या खोलीची खिडकी दुरुस्त करून घेतली. आता वाऱ्याने वाजत नाही. वर्तुळ. ती वाजल्याशिवाय मला झोप येत नाही. वर्तुळ, वर्तुळ. पत्रं कसली लिहितोस? ये, समोर उभा राहा आणि भांड. मीही भांडतो. मग जेवू. येताना तुझा तो पाव आण. वाईट असला तर तोंडावर सांगेन."

बाईंनी वही मिटली. बाहेर टेस्टिंगला लावलेला पंप घरघरत होता.

"एवढ्या शिव्या," बाई हळूच म्हणाल्या, "परमुलखात एकट्या पोराला वाचायला लागू नयेत असं वाटलं हो मला. मी त्याला जपायला गेले."

"आणि 'ये' म्हणाले होते ते?"

"तशा पत्रात ते बसेना. 'आपण प्रत्यक्ष भेटीस यावे' असं लिहून पाहिलं. ते कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटलं. म्हणून गाळलं."

मी म्हणालो, बाई, झालं गेलं, आता महिन्यावर आलंय सगळं, साहेबांची तब्येत अशी, कशाला सांगता? खरं बोलायचं तर मला माझ्या तिकिटाचीही भीती वाटत होती. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी नोंदवही मिटली. त्या वही न घेता केबिनमध्ये गेल्या. चौतीस वर्षांत मी त्यांना रिकाम्या हातांनी आत जाताना पहिल्यांदाच पाहिलं.

मी कान लावून बसलो. आता भडका उडणार, काच फुटणार, मलाही बोलावणं येणार. पण आतून काहीच आवाज आला नाही. दहा मिनिटांनी बाई बाहेर आल्या आणि आपल्या टेबलाशी बसून पेन्सिली सरळ लावायला लागल्या. त्या आधीच सरळ होत्या.

"ओरडले?"

"नाही." त्यांनी एक पेन्सिल उचलली, परत ठेवली. "म्हणाले, 'ठीक आहे. आपण सांगितलंत, आभारी आहे. आपण येऊ शकता.' आपण म्हणाले मला. आजवर तुम्ही म्हणायचे."

मग त्या माझ्यासमोर रडल्या. चांगल्या पदर तोंडाला लावून रडल्या. साहेबांच्या तोंडची सभ्य भाषा कुणासाठी असते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? ती परक्यांसाठी त्यांनीच तर शिवून दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घंटी वाजवली. मुलाला पत्र लिहायचं होतं. आत काय झालं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग घसा साफ करून म्हणाले, "डिअर सन, विथ रेफरन्स टू अवर अर्लियर करस्पॉन्डन्स..." आणि अडकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. अकरा वर्षांत त्यांचा रागच निवला होता आणि रागाखेरीज मुलाशी बोलायची दुसरी भाषा त्यांना येत नव्हती. आयुष्यभर झापणारा माणूस, पण मुलाला पत्र लिहिताना कारकून झाला. शेवटी त्यांनी हात टेकले.

बाई म्हणाल्या, "साहेब, पत्र लिहून झालंय. फक्त पाठवायचं राहिलंय."

साहेब पुन्हा खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "आपल्या वहीत असेल तसं टाइप करा. एक अक्षर बदलू नका, कृपया."

ते अर्ध्या पानाचं पत्र टाइप करायला इस्त्रीबाईंना अख्खी दुपार लागली. मी समोर बसून पाहत होतो. बोटं ऐकेनात. डाँकीच्या आधी आपोआप "डिअर" पडायचं, "ये"च्या जागी "काइंडली". पाच कागद चुरगळून टोपलीत गेले. सहाव्याला त्या एकेक अक्षर बघून, नुकतंच शिकायला बसलेल्या मुलीसारख्या, एका बोटाने टाइप करत राहिल्या. वर्तुळं सोडावीत की काय असा त्यांना प्रश्न पडला. मग तीही घातली, ओ या अक्षराने, वाक्यांच्या मधे. वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटणार होती. वाटू दे म्हणाल्या.

सोबत स्वतःची एक चिठ्ठी जोडायची होती. ती साध्या इंग्रजीत हवी हे त्यांना पटलं होतं, पण साधं इंग्रजी आणायचं कुठून? मला विचारलं. मला नुसतं वाचता येतं, लिहिता कुठलंच येत नाही. शेवटी त्यांनी जे लिहिलं ते मी वाचलं, अर्थातच वाचलं. हे तुमच्या वडिलांचं खरं पत्र. अकरा वर्षांपूर्वी मी ते बिघडवलं. सॉरी. एवढंच. चौतीस वर्षांत त्यांच्या मशीनने हजार वेळा रिग्रेट काढलं असेल, सॉरी त्या दिवशी पहिल्यांदाच.

मी तिकीट लावलं, नीट दाबून लावलं, आणि सगळ्यात जलद जाईल अशा टपालाने पाठवलं.

मग वाट बघणं. पहिल्या आठवड्यात आम्ही काही धरलंच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात आवक पिशवी आली की बाई उठून माझ्या टेबलाशी यायच्या, काही विचारायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. मी मान हलवली की परत जायच्या. तिसऱ्या आठवड्यातही तेच. साहेब रोज त्यांना बोलवायचे आणि रोज तसंच गोड बोलायचे. आपण बसा. कृपया हे बघावं. आभारी आहे. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला होता. एकदा ओरडून मोकळा हो ना रे बाबा! चौतीस वर्षं जिने तुला जगासमोर नेटका ठेवला, तिला अशी कडेला लावून ऑपरेशनला निघालास?

बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला. निरोपसमारंभ नको म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं. टेबल आवरून झालं होतं, पाच पेन्सिली त्यांनी रबर लावून मला देऊन टाकल्या होत्या, आणि चार वाजायची वाट बघत त्या रिकाम्या टेबलाशी हात ठेवून बसल्या होत्या.

तीनच्या सुमाराला एक माणूस दारातून आत आला. चांगला गलेलठ्ठ, टकलाकडे झुकलेला, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मी म्हणालो, आज भेटीची वेळ नाही.

"अरे ए जावक," तो म्हणाला, "झोपलास का?"

मी उभाच राहिलो. तो बाईंच्या टेबलाकडे वळला. बाई कधीच उभ्या राहिल्या होत्या आणि खुर्चीची पाठ धरून होत्या. त्याने खिशातून पत्र काढलं. घड्यांवर ते विरायला आलं होतं, इतकं उघडलेलं.

"मधेमधे हे गोल कसले आहेत?" त्याने विचारलं. चौकशीच्या सुरात नाही. लहान असताना तो बाईंना गणितं विचारायला यायचा तसं.

"तिथे साहेब थांबले होते," बाई म्हणाल्या. "बाहेर बघत होते."

त्याने पुन्हा एकदा पत्राकडे बघितलं, गोल मोजल्यासारखे, मग ते खिशात ठेवलं, आणि दार न वाजवता केबिनमध्ये गेला.

आत शांतता. इतका वेळ की फोरमनही येऊन माझ्याजवळ उभा राहिला. माझ्या मनात नको ते यायला लागलं, हृदयाचा माणूस, असा धक्का. आणि मग काच थरथरली.

"यू डाँकी! फोन करता येत नव्हता?"

"तुम्हाला येत होता?"

"काय खाल्लंस एवढं? माणूस आहेस का पिंप?"

"वाळलो म्हणून तुम्हीच बोंबललात ना!"

मग दोघांचं इंग्रजी सुटलं. अकरा वर्षांचं साचलेलं. आम्ही सगळे दारापासून दोन हात लांब उभे राहून ऐकत होतो आणि कोणालाही हसू आवरत नव्हतं. बाई तेवढ्या जागेवर बसलेल्या. त्यांचा उजवा हात टेबलाच्या लाकडावर भराभर चालला होता, पेन्सिल नाही, कागद नाही, नुसत्या बोटाने. मी म्हणालो, "बाई, राहू द्या. हे पत्र जायचं नाहीये." त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. चार वाजून गेले होते.

तेवढ्यात केबिनचं दार धाडकन उघडलं. साहेब दारात उभे, केस विस्कटलेले, डोळे लाल, हातात पावाचा तुकडा.

"अहो बाई!" ते असे गरजले की पंपाचा आवाज बुडाला. "बधिर झालात का तुम्ही? मघापासून घंटी मारतोय! तिथं काय ठाण मांडून बसलाय? या आत आणि खा हा दगड! आणि तुमच्या त्या वहीचा एकदा निकाल लावायचाय मला. डोकं खाल्लंत माझं अकरा वर्षं!"

घंटी वाजलीच नव्हती. आम्ही सगळे तिथेच होतो. बाई उठल्या, पदर सारखा केला, दोन पावलं गेल्या आणि माझ्याकडे वळल्या. डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "मला ओरडले."